पुकाऱ्याला ओ

मयेचं तळं मागे पडलं, रस्ता चढणीला लागला आणि सगुणकाका पुन्हा थांबले. कडेच्या चिऱ्यांच्या गडग्यावर हात टेकून खोकू लागले. विनोदिनी दोन्ही पिशव्या सांभाळत बाजूला उभी राहिली. एका पिशवीत काकांचे कोर्टाचे कागद, दुसरीत पाववाल्या पोदेराकडून घेतलेले दोन उंडे आणि पाण्याची बाटली. खोकला काही सरेना. तिने मनातल्या मनात सप्तकोटेश्वराला हात जोडले. कोणी कीव केलेली काकांना खपत नसे.

"बसा हो जरा," शेवटी न राहवून ती म्हणाली.

"बसलो तर उठवणार कोण? तू?" काकांनी रुमालाने तोंड पुसलं आणि रुमाल पटकन खिशात कोंबला. "चल. तुला एक कोडं घालतो. चार अक्षरी. शेवटी कार आहे, तरी जन्मभर पायीच चालतो."

विनोदिनीने चालता चालता बोटांवर अक्षरं मोजली. काकांच्याच वाड्यावरची, प्राथमिक शाळेतली मास्तरीण ती, मुलांना बोटांवर मोजू नका म्हणून सांगायची आणि स्वतः मोजायची. "मुंडकार!"

"शाबास. आता दुसरा. चारच अक्षरं, शेवटी कारच. पण ह्याची दारात उभी असते."

"भाटकार."

"पेपरात छापून आलंय हे. पणजीत बसून आपल्या भाटकारानं, सदाशिवानंही सोडवलं असेल. त्याला वाचता येतं गो, समजत नाही, एवढंच."

ती हसली. हसताना तिचं लक्ष काकांच्या पायांकडे होतं. पाय टाकायचा, मग जरा थांबून दुसरा ओढून घ्यायचा, असं चाललं होतं.

सकाळी नार्व्याहून बस वेळेवर निघाली होती. पण मये यायच्या आधीच ड्रायव्हरने ती कडेला घेतली. ट्रकवाल्यांनी पुढे रस्ता अडवलाय, म्हणाला. खनिजाच्या वाहतुकीचा दर वाढवून मिळावा म्हणून शिरगावच्या बाजूचे ट्रकमालक पेटून उठले होते. एकाला एक लावून ट्रक उभे केलेले, बस सोडाच, स्कूटरसुद्धा पलीकडे जाऊ देत नव्हते. बाकीची माणसं शिव्या घालत उतरली आणि परत फिरली. सगुणकाकांना परत फिरता येत नव्हतं. डिचोलीला मामलेदाराच्या कोर्टात त्यांची तारीख होती. गेल्या खेपेला तिथल्या साहेबांनी बजावलं होतं, की पुढच्या तारखेला साक्षीदार घेऊन या. नाही आलात तर अर्ज निकालात काढीन, मग पुन्हा माझ्या दारात यायचं नाही. आता ते साहेब बदलून गेले होते, पण त्यांचा शब्द कागदावर राहिला होता. आणि साक्षीदार म्हणजे विनोदिनी. त्या दिवशी देवळात जे झालं ते डोळ्यांनी पाहिलेलं आणि कोर्टात येऊन सांगायला तयार असलेलं माणूस तेवढंच उरलं होतं.

सगुणकाकांचं घर नार्व्याला नदीच्या अंगाला, दुसऱ्याच्या माडांच्या बागेत. अशा बागेला आमच्याकडे भाट म्हणतात, तिच्या मालकाला भाटकार, आणि मालकाच्या परवानगीने तिथे घर बांधून पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्याला मुंडकार. जमीन त्याची, भिंती ह्याच्या. काकांचे वडील नारायण यांनी त्या भाटाची राखण करण्यातच जन्म काढला. गोवा मुक्त झाला, पुढे काही वर्षांनी कायदा आला, की मुंडकाराला घरातून हुसकायचं नाही. त्याने मामलेदाराकडे अर्ज करून आपलं नाव लावून घ्यावं. सगुणकाकांनी अर्ज केला.

काका मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. नोकरी शिरगावच्या एका खाणीवर. फाटकापाशी पत्र्याच्या केबिनमध्ये बसायचं आणि भरून जाणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवायची. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात ते पेपरातली शब्दकोडी सोडवत. सोडवून सोडवून कंटाळा आला तेव्हा स्वतः घालू लागले. एकदा धीर करून पणजीच्या एका पेपराला पाठवलं, ते छापून आलं. तेव्हापासून रविवारच्या पुरवणीत त्यांचं कोडं असे. वाड्यावरची माणसं त्यांना कोडेकार म्हणू लागली. लग्न त्यांनी केलं नाही. मांद्र्याला दिलेली बहीण वत्सला विधवा होऊन परत आली, तिला सांभाळलं. वत्सलाताईला कानांनी दगा दिलेला. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी निम्मं वाऱ्यावर जायचं. स्वतः मात्र ती अशी खणखणीत बोले की नदीपलीकडे ऐकू जावं. भाऊ पट्टी घेऊन कोड्याचे चौकोन आखायला बसला की म्हणायची, "सगुणा, कागदावर एवढी घरं बांधतोस, त्यातलं एक तरी आपल्या नावावर कर!"

हे ऐकून काका आधी हसत. पुढे पुढे हसेनासे झाले.

झालं होतं ते असं. काकांनी अर्ज केला तेव्हा म्हातारे भाटकार रामचंद्रबाब दुखावले. माणूस वाईट नव्हता. ओसरीवर बोलावून म्हणाले, "सगुणा, तुझ्या बापाला मी कधी हाड म्हटलं नाही. मग कोर्टात कशाला ओढतोस मला? देवीसमोर होऊन जाऊ दे. ती देईल तें म्हाका मान्य." काकांनाही ते पटलं. न पटायला काय झालं? गुरं हरवली, सोयरीक ठरेना, भावाभावांत बांधावरून वाजलं, तरी वाड्यावरची माणसं देवीचा प्रसाद, म्हणजे कौल, घेत. तसा हाही घ्यायचा ठरला.

तेव्हा विनोदिनी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. आईबरोबर देवळात खांबापाशी उभी होती. भटांनी देवीच्या मूर्तीवर उजव्या-डाव्या बाजूला पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं: घर मुंडकाराचं असेल तर उजवी दे, भाटकाराचं असेल तर डावी. समईची वात तडतडली तेवढाच आवाज. बराच वेळ काही पडेना. विनोदिनीच्या पायांना मुंग्या आल्या. आणि मग उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली आणि अलगद देवीच्या पायाशी आली. रामचंद्रबाबांनी तीर्थ घेतलं, वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "देवीन दिलें. घर सगुणाचें." सगुणकाका घळाघळा रडले. घरोघर गूळ-खोबरं वाटलं.

मामलेदाराच्या कोर्टातली तारीख त्याच्या पुढच्याच आठवड्यात होती. काका गेले नाहीत. देवीने निवाडा दिल्यावर पुन्हा माणसाच्या दारात न्याय मागायला जायचं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं. वाड्यावर कोणालाच यात वावगं वाटलं नाही. विनोदिनीची आईच म्हणाली होती, "देवीपेक्षा मामलेदार मोठा झाला काय?" तिकडे कोर्टात शिपायाने व्हरांड्यात येऊन नावाचा पुकारा केला. एकदा, दोनदा, तीनदा. कोणी ओ दिली नाही. अर्जदार गैरहजर म्हणून अर्ज काढून टाकला. काकांना त्याचा पत्ताच नव्हता. कित्येक वर्षं ते आपल्या घरात निवांत झोपत होते.

रामचंद्रबाब गेले. भाट मुलाच्या, सदाशिवाच्या, नावावर झालं आणि त्याने ते विकायला काढलं. घर खाली करा म्हणून नोटीस आली तेव्हा काका पणजीला जाऊन त्याला भेटले. सदाशिवाने चहा दिला, नीट बसवलं, आणि शांतपणे विचारलं, "काका, पाकळीवर सही-शिक्का असतो का?"

तिथून काकांच्या तारखा सुरू झाल्या. जुना अर्ज पुन्हा उभा करायचा. वकील नेमला, तो दोन पावसाळ्यांत कंटाळला. मग काका एकटेच जाऊ लागले.

आणि त्यांची कोडी बदलली. दर रविवारी त्यांत कोर्ट. आडवं कोर्ट, उभं कोर्ट. 'यात काल असतो, आज कधीच नसतो', उत्तर 'निकाल'. 'शेवटी दार असतं, पण वेळेला उघडत नाही', उत्तर 'साक्षीदार'. पहिल्यांदा वाचकांना मजा वाटली. मग पेपरातून गावच्या वाचनालयात काकांसाठी फोन आला. "सगुणबाब, रविवारी माणसं चहाबरोबर कोडं घेऊन बसतात. जरा फुलं-पाखरं घाला हो." काकांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी आडवा 'पारिजात' घातला आणि त्याच्याच 'त'वरून खाली उभा 'तहकूब' सोडला. अलीकडे त्यांचा हात थरथरे, म्हणून चौकोन आखायचं काम विनोदिनीकडे आलं होतं. ती शाळेतून आल्यावर पट्टी-पेन्सिल घेऊन बसे. काका सांगत, ती भरी. दर वेळी तिला वाटे, हा माणूस कोडं घालत नाहीये. बंद दार ठोठावतोय.

"काका," चढण संपता संपता तिने विचारलं, "सदाशिवाचा वकील मला काय विचारील?"

"कुठली पाकळी पडली ते विचारील. मग म्हणेल, बाई, वाऱ्यानं पडली नसेल कशावरून? लोक हसतील. तू घाबरू नको."

"हसू देत. मी पाहिलं तेच सांगणार. देवीच्या दारातलं आहे, त्यात पदरचं काही घालणार नाही मी."

"तेवढंच हवं." काका थोडं चालले. "तीन अक्षरी. ह्यात वाट आहे, पण चालणारे थोडे."

तिला सुचेना. काकांनीच सांगितलं, "शपथ."

वळणापलीकडे ट्रक दिसले. लाल धुळीने माखलेले, एकाच्या पाठीला दुसऱ्याचं तोंड. माणसं ट्रकांखाली सावलीत पत्ते कुटत बसली होती. एकाने तिथेच चूल मांडली होती. बाबली म्हणून शिरगावचा एक ट्रकवाला काकांना खाणीवरून ओळखत होता. तो उठून आला.

"कोडेकार! खंय वता ह्या वतांत? एवढ्या उन्हातून?"

"कोर्टाक."

"आज कसलें कोर्ट? बसा, च्या घ्या."

"वाट दे रे बाबली. पुकारा व्हायच्या आत पोचायचंय."

बाबलीने दोन ट्रकांमधल्या बेचक्यातून त्यांना पलीकडे काढलं. तिथे फणसाच्या झाडाखाली सरकारी जीप उभी होती, चार पोलीस, आणि काळा चष्मा घातलेला एक तरणा माणूस. त्याने त्यांना हटकलं. "आजोबा, कुठे निघालात उन्हातून? डिचोलीला? कशाला?"

"मामलेदाराच्या कोर्टात. तारीख आहे."

"आज कोर्ट चालायचं नाही. घरी जा."

काकांचा आधीच जीव टांगणीला. ते उसळले. "तुमका कितें कळता कोर्टाचें? घरी बसलो म्हणूनच ही वेळ आली माझ्यावर! एकदा बसलो होतो घरी, देवाचं नाव घेऊन. आता ब्रह्मदेवानं सांगितलं तरी नाही बसायचा!"

ट्रकवाले हसले, पोलीसही हसले. काळ्या चष्म्यावाला काही बोलायला गेला, पण काका निघालेसुद्धा. विनोदिनीने ओशाळून त्याला हात जोडले आणि मागे धावली.

पुढच्या वाटेला काकांनी चाल वाढवली. कोडं नाही, काही नाही. छातीतून सूं सूं आवाज येत होता. तिने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. एकदा फक्त म्हणाले, "तीनदाच पुकारतात गो. चौथ्यांदा नाही." ऊन डोक्यावर आलं होतं. डिचोलीचा बाजार दिसू लागला तेव्हा ते जवळजवळ पळत होते, एक पाय ओढत, धोतराचा सोगा हातात धरून. विनोदिनीला रडू कोसळायचं बाकी राहिलं होतं. देवी, सगळं असू दे, पण आम्ही पोचेपर्यंत त्या शिपायाचं तोंड बंद ठेव, एवढंच ती मागत होती.

मामलेदार कचेरीचा व्हरांडा रिकामा होता. एरवी इथे उभं राहायला जागा नसते. एक टायपिस्ट यंत्रावर कापड टाकून पेंगत होता. शिपाई शंभू पान लावत बाकावर बसला होता.

"शंभू," काकांनी दाराची चौकट धरली. "झाला? पुकारा झाला?"

शंभू दचकून उठला. "सगुणबाब! अहो, हे काय रूप झालंय तुमचं? बसा आधी. कसला पुकारा? साहेबच नाहीत."

"नाहीत?"

"सकाळपासून रस्त्यावर. ट्रकवाल्यांची समजूत काढायला. मामलेदार म्हणजेच मॅजिस्ट्रेट ना, अडला रस्ता की ह्यांनाच धाडतात. तुम्हाला वाटेत भेटले असतील की. महिनाभरापूर्वीच आलेत, तरणे आहेत. काळा चष्मा लावतात."

विनोदिनीने काकांकडे बघितलं, काकांनी तिच्याकडे. आणि तिला हसू फुटलं. उन्हात इतकं चालून, इतकं भिऊन आलेलं ते हसू तिला आवरेना. पदर तोंडात धरून ती भिंतीकडे वळली. ज्याच्यापुढे उभं राहायला एवढी धडपड, त्यालाच तुम्हाला कोर्टातलं काय कळतं म्हणून सुनावून आलो! हसता हसता तिने मान वळवली. काका हसत नव्हते. बाकाची कड धरून खाली खाली बसत होते, जिना उतरल्यासारखे.

"मग आमचं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचंच पुढे ढकललंय. भिंतीवर लावल्यात तारखा." शंभू उठून बघून आला. "तुमची चवथीनंतर."

"चवथीनंतर," काका म्हणाले.

होळीचा शिगमो नुकताच संपला होता. मध्ये सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा.

"त्यात काय एवढं?" शंभू धीर द्यायला म्हणाला. "इतकी वर्षं काढलीत ना? गणपती येतील नि जातील, कळायचं पण नाही."

काकांनी धोतराच्या सोग्याने घाम पुसला. मग विचारलं, "शंभू, पार्टी मेली तर काय करतात?"

"देवा! असं अभद्र कशाला?"

"विचारतोय. तू रोज बघतोस."

शंभूने पान गालात सरकवलं. "वारसानं यायचं. अर्ज द्यायचा, आणि पुकारा झाला की उभं राहायचं. कोणी उभं नाही राहिलं तर मग... मग संपलं."

त्याला आत कोणी हाक मारली, तो गेला. विनोदिनी काकांशेजारी बसली. तिने उंडे काढले, एक मोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"त्या पणजीच्या डॉक्टराकडे गेलो होतो ना," ते म्हणाले. "खोकल्याचं औषध आणायला म्हणून तुला सांगितलं होतं. त्यानं छातीचा फोटो काढला. उजेडासमोर धरला. मी विचारलं, कितें दिसता? तर म्हणाला, खाणीवर होता काय तुम्ही? पाऊस लागेपर्यंत बघू या, म्हणाला. पुढचं काही बोललाच नाही."

विनोदिनीच्या हातातला उंडा खाली पडला. वाटेवर तो दडवलेला रुमाल, न घेतलेलं पाणी, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. ह्या माणसाला आपण चालवत आणलं. आणि कशासाठी? चवथीनंतरच्या तारखेसाठी.

"वत्सलाताईला ठाऊक आहे?"

"तिला कसं सांगू? कानात ओरडून सांगायचं म्हणजे सगळ्या वाड्याला सांगितल्यासारखं." ते हसल्यासारखे झाले आणि तेवढ्यानेही खोकला उसळला. तो बसेपर्यंत तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी काढून टाकला नाही.

"एक कोडं करून ठेवलंय," खोकला ओसरल्यावर ते म्हणाले. "पाठवायला धीर होत नाही. पाच अक्षरी. पोटात हजर आहे, पण कोणाला ऐकू येत नाही."

विनोदिनीला उत्तर लगेच आलं; काकांच्या जुन्या अर्जावर तोच शेरा होता. पण ते तिने तोंडातून काढलं नाही. काकांनीही मागितलं नाही.

व्हरांड्यासमोरच्या पायरीवर ऊन आलं होतं. शंभू रोज जिथे उभा राहून पुकारतो ती जागा. काका तिकडेच बघत होते.

"त्या दिवशी तीनदा हाक मारली असेल त्यानं मला," ते म्हणाले. "मी गूळ-खोबरं वाटत होतो. देवी चुकली असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. तिनं दिलं ते दिलंच. मी इथं येऊन एवढंच सांगायचं होतं, की तिनं दिलं. तेवढं झालं नाही माझ्याच्यान."

"काका, तुम्ही याल चवथीनंतर. मी येईन बरोबर. पुन्हा चालत येऊ हवं तर."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिला कळलं नाही. हातातला उंडा त्यांनी तिच्या पिशवीत परत ठेवला, पिशवीचं तोंड नीट दुमडलं.

"बाय, एक माग्णें आसा तुजेकडे," ते म्हणाले. "वत्सलेला इथं आणून बसव. ह्याच बाकावर, पायरीच्या जवळ. अर्ज शंभू लिहून देईल. पण ती इथं बसली असेल नि शंभू तिच्या नावानं ओरडत असेल, तरी तिला ऐकू यायचं नाही. तू तिच्या बाजूला बस. पुकारा झाला की तिला हात धरून उठव, आणि ओ तू दे. पहिल्याच हाकेला दे. मोठ्यानं दे गो बाय, आत साहेबापर्यंत पोचली पाहिजे."